लिननचा पैसा, ग्रॅनाइटची गावे

फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात घुसलेले जे टोक नकाशावर दिसते, ते ब्रिटनी. तिथे जाणारे बहुतेक पर्यटक किनारा धरून फिरतात. सां-मालोची तटबंदी, गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, दीपगृहे आणि ताटभर ऑयस्टर यांतच त्यांची सुट्टी संपते. ब्रेतों लोक मात्र आपल्या मुलखाचे पूर्वापार दोन भाग मानत आले आहेत. समुद्राकाठचा तो आर्मोर आणि आतला, एकेकाळी दाट रानाचा, तो आर्ग्वात. या लेखात फिरायचे आहे ते आर्ग्वातमध्ये आणि त्याला लागून असलेल्या खेड्यांत.

या आतल्या मुलखात राजवाडे थोडे आणि मोठी संग्रहालये त्याहून थोडी. पण हजार-दीड हजार वस्तीच्या गावात एखाद्या राजधानीला शोभेल असे दगडी कोरीवकाम अचानक समोर येते आणि प्रश्न पडतो, इथे एवढा पैसा आला कुठून? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आला होता तर गेला कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी असली की इथली वास्तू नुसती सुंदर न राहता बोलू लागते. हातात पैसा खुळखुळत होता तेव्हा लोकांनी बांधले. पुढे पैसा आटला, जुने पाडून नव्या धाटणीचे बांधण्याची ऐपत कुणाकडे उरली नाही आणि म्हणून ते टिकले. आज आपण जे पाहायला जातो त्यातले बरेचसे अशा आटलेल्या पैशामुळे वाचलेले आहे.

सुरुवात वायव्येकडच्या लेओं भागातून करावी. मोर्ले शहराच्या नैऋत्येला सां-तेगोनेक, गिमिल्यो आणि लांपोल-गिमिल्यो ही खेडी एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. तिन्ही एका दिवसात होतात, पाय चांगले असतील तर सायकलवरही. इथली खासियत म्हणजे चर्चभोवतीचे भिंतबंद आवार. त्याची ठेवण साधारण ठरलेली असते. आत शिरायला भपकेदार दगडी कमान, एका बाजूला अस्थिगृह, मध्ये काल्व्हेर आणि मागे चर्च. दफनाची जागा चर्चच्या अंगणातच आणि तीही अपुरी, त्यामुळे जुन्या कबरी उकरून हाडे अस्थिगृहात रचून ठेवत. रविवारी प्रार्थनेला येणारा प्रत्येक जण आपल्या वाडवडिलांच्या हाडांशेजारून आत जाई. काल्व्हेर म्हणजे येशूच्या क्रूसाभोवती उभारलेला दगडी मंच. त्यावर येशूचा जन्म, शेवटचे भोजन, छळ, मृत्यू असे सगळे प्रसंग छोट्या छोट्या आकृत्यांतून कोरलेले असतात. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला धर्मोपदेशक त्यांच्याकडे बोट दाखवून कथा सांगे.

गिमिल्योचा काल्व्हेर १५८१ ते १५८८ या काळातला. त्यावर सुमारे दोनशे आकृत्या आहेत. तो घाईत पाहू नये, एकदा सकाळच्या आणि एकदा कलत्या उन्हात त्याला फेरी घालावी. क्रूस वाहणाऱ्या येशूबरोबर चाललेले शिपाई आणि ढोल वाजवणारे लोक जेरुसलेमचे वाटत नाहीत, त्यांचे कपडे सोळाव्या शतकातल्या युरोपचे आहेत. कारागिरांनी जे रोज पाहिले तेच कोरले. एका कोपऱ्यात एका राक्षसी जबड्यात एक उघडी स्त्री आहे आणि सैतान तिला ओरबाडत आत ओढताहेत. ही कातेल कोलेत, म्हणजे हरवलेली कॅथरीन. नाचण्याची हौस असलेल्या या मुलीने पापाची कबुली देताना लपवाछपवी केली आणि शेवटी ती सैतानाच्या नादी लागली, अशी लोककथा आहे. मला या काल्व्हेरमधले सर्वांत जिवंत काम तेच वाटते. बाकीचे प्रसंग बायबलातले आहेत, हा एक गावातला आहे.

आकृत्यांच्या कडा चार शतके पावसात उभ्या राहूनही इतक्या धारदार कशा, याचे उत्तर दगडात आहे. हा केर्सांतों, ब्रेस्टच्या आखाताकाठी मिळणारा काळसर राखाडी दगड. खाणीतून काढल्यावर तो बारीक कोरता येतो आणि हवेवर ठेवला की कणखर होतो. ग्रॅनाइटमध्ये चेहऱ्यावरची सुरकुती साधत नाही, यात साधते.

आता पैशाकडे येऊ. सोळाव्या आणि सतराव्या शतकात हा भाग लिनन कापडावर श्रीमंत झाला. आपल्याकडे जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात. तिथे त्याच्या खोडातल्या धाग्यासाठी पेरत. बियाणे बाल्टिक समुद्राच्या बाजूने जहाजाने रोस्कोफ बंदरात येई. दमट आणि सौम्य हवेत पीक चांगले येई. कातणे-विणणे खेड्यापाड्यांत घरोघरी चाले. विणण्याआधी सूत पांढरेशुभ्र करण्यासाठी ओढ्याकाठी बुटकी दगडी घरे, म्हणजे कांदी, बांधलेली असत. लाकडाच्या राखेचे उकळते पाणी सुतावर पुन्हा पुन्हा ओतायचे, मग वाहत्या पाण्यात खळबळून काढायचे. अशा कांदींचे अवशेष आजही झाडीत सापडतात आणि काही ठिकाणी गावकऱ्यांनी ते डागडुजी करून ठेवले आहेत. तयार कापड मोर्ले बंदरातून इंग्लंडला आणि स्पेनला जाई. या व्यापारातून शेतकऱ्यांचाच एक श्रीमंत वर्ग उभा राहिला, त्याला ज्युलोदेद म्हणत. ते सरदार नव्हते, त्यांना किल्ले बांधायचे नव्हते. त्यांचा पैसा गावच्या चर्चच्या कारभारी मंडळाकडे गेला आणि मग गावागावांत चढाओढ लागली. शेजारच्या गावाने मनोरा उभारला की आपला त्याहून उंच हवा. सां-तेगोनेकने १५८७ मध्ये कमान, १६१० मध्ये काल्व्हेर, नंतर अस्थिगृह, १६८३ मध्ये ओकचे कोरीव व्यासपीठ असा शंभर वर्षे धडाका लावला. गिमिल्योने चर्चच्या आत आठ पिळदार खांबांची ओकची मेघडंबरी बांधली, तीही फक्त बाप्तिस्म्याच्या कुंडावर. कर्ज काढून बांधकामे झाली असतील अशी शंका यावी इतका हा उत्साह आहे.

चौदाव्या लुईच्या काळात इंग्लंडशी जकातीची आणि मग प्रत्यक्ष युद्धे सुरू झाली. इंग्लिश बाजार बंद होत गेला, पुढे कापूस आणि यंत्रमाग आले. अठराव्या शतकापासून इथे नवे काही भव्य उभे राहिले नाही. १९९८ मध्ये सां-तेगोनेकच्या चर्चला आग लागली, कोरीव वेदी होरपळल्या आणि कित्येक वर्षे खपून कारागिरांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. आज आत गेल्यावर रंग आणि सोने थोडे जास्तच ताजे वाटते, त्याचे कारण हे.

दक्षिणेला लोक्रोनां गावाची गोष्ट अशीच, फक्त लिननच्या जागी हेम्प आणि कपड्यांच्या जागी शिडे. भारताकडे निघणारी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लोरियां बंदरातून सुटत आणि लोक्रोनांच्या जाड कापडाची शिडे त्यांच्यावर चढत. व्यापाऱ्यांची ग्रॅनाइटची घरे चौकाभोवती जशीच्या तशी आहेत. रोमन पोलान्स्कीने १९७९ च्या 'टेस' चित्रपटातले इंग्लिश खेडे याच चौकात उभे केले.

आता ब्रिटनीच्या मध्यावर, गेर्लेदां तलावाच्या परिसरात यावे. मला स्वतःला संपूर्ण आर्ग्वातमध्ये सर्वांत समृद्ध वाटतो तो हा दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा. किल्ल्या-लेण्यांच्या यादीत बसणारे इथे फार नाही. पण पाणी, रान, लोखंड आणि दगड यांचा आठशे वर्षांचा हिशोब एका दमात चालत पाहता येतो.

नान्त-ब्रेस्ट कालवा इथून जातो. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लिश आरमाराने ब्रेस्टच्या तोंडाशी तळ ठोकला होता, त्यामुळे फ्रान्सच्या या सर्वांत मोठ्या नाविक तळाला समुद्रावाटे रसद पोहोचवणे धोक्याचे झाले. म्हणून नान्तपासून ब्रेस्टपर्यंत जमिनीवरून जलमार्ग काढायचा बेत आखला गेला. सुमारे ३६४ किलोमीटर लांब, नद्यांना नद्या जोडत, टेकड्यांवर चढत-उतरत, २३० हून अधिक लॉकगेट असलेला. काम १८४२ मध्ये पुरे झाले तेव्हा नेपोलियन जाऊन दोन दशके उलटली होती आणि इंग्लंडशी युद्ध कधीच संपले होते. ग्लोमेलजवळ पाणलोटाचा उंचवटा फोडून जी खोल चर काढली आहे ती १८२३ पासून जवळजवळ दहा वर्षे कैद्यांकडून खोदून घेतली. आज तिच्या दोन्ही काठांवर बीचची झाडे इतकी वाढली आहेत की ती नैसर्गिक दरीच वाटते. रेल्वे ब्रेस्टला १८६५ मध्ये पोहोचली आणि कालव्याची लढाई तिथेच हरली. तरी तो वाया गेला नाही. चुना आणि खते त्यातून आतल्या आम्लधर्मी जमिनीपर्यंत आली आणि माळरानांची शेते झाली.

मग १९२३ ते १९३० मध्ये ब्लाव्हे नदीवर गेर्लेदांचे वीजधरण बांधले गेले. धरणामागच्या पाण्यात कालव्याचा एक सबंध टप्पा, १७ लॉकगेट आणि लॉकगेटवाल्यांची घरे बुडाली. बोटींना धरण ओलांडता यावे अशी सोय करायचे ठरले होते, ती कधीच झाली नाही. कालवा तिथे कायमचा तुटला. १९८५ आणि २०१५ मध्ये तपासणीसाठी तलाव रिकामा केला तेव्हा चिखलातून लॉकगेटच्या भिंती, घरांचे सांगाडे आणि झाडांचे बुंधे वर आले. २०१५ च्या त्या उन्हाळ्यात तळ पाहायला लाखो लोक लोटले. नेहमीच्या दिवसांत तलावाला वळसा घालणारी पायवाट आहे. ती करताना पाण्याकडे बघत बघत खालचा कालवा मनात आखता येतो.

तलावाच्या पश्चिम टोकाला बॉं-रपोचा मठ आहे. ११८४ मध्ये रोआं घराण्यातल्या तिसऱ्या आलेंने सिस्टर्शियन साधूंसाठी तो वसवला. हे साधू वस्तीपासून दूर, पाण्याजवळ आणि रानात जागा शोधत. इथे त्यांना तिन्ही मिळाले. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ विकला गेला, त्यात काही काळ कापडाचा कारखाना चालला, नंतर छप्पर गेले आणि दगड आसपासच्या बांधकामांना गेले. १९८० च्या दशकात आसपासच्या लोकांनी एकत्र येऊन तो झुडपांतून मोकळा करायला घेतला. अजूनही काम पूर्ण झालेले नाही आणि ते बरे आहे. अर्धे छत, अर्धे आकाश असलेल्या चर्चमध्ये उभे राहिले की मठ कसा बांधला, हे भिंतीच्या कापलेल्या कडेवरून वाचता येते. शेजारच्या केनेकां रानात फोर्ज दे साल हे लोखंड गाळणाऱ्यांचे खेडे आहे. जवळपासचे खनिज, रानातला लोणारी कोळसा आणि भाते चालवायला तिथल्या तळ्याचे पाणी, एवढ्यावर भट्टी चाले. ती १८७७ मध्ये थंडावली. कामगारांची एका ओळीतली बुटकी घरे आणि मालकाचा वाडा समोरासमोर उभे आहेत. कोण कुणाला रोज कुठून पाहत होता हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि मठाच्या वरच्या टेकडीवर, लिस्क्वीच्या माळावर, हीदर आणि पिवळ्या गोर्सच्या झुडपांत तीन दगडी कबरमार्ग आहेत, मठाहून चार हजार वर्षे जुने. तिथवरची चढण उभी आहे पण लहान आहे.

उत्तर-पश्चिमेला ह्युएलग्वातच्या रानात ग्रॅनाइटचे शेकडो गोल धोंडे नदीपात्रात एकावर एक कोसळून पडलेले आहेत. हंपी पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटतील आणि दोन्हींचे कारणही एकच आहे. जमिनीखाली थंड झालेल्या ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा पडतात, भेगांतून पाणी मुरते, कोपरे आधी कुजून त्यांची वाळू होते आणि मधला गाभा गोल उरतो. नदीने वाळू वाहून नेली की गाभे उघडे पडतात. फरक एवढाच की इथे धोंड्यांवर शेवाळ आणि डोक्यावर बीच-ओकचे छत आहे. सुमारे १३७ टनांचा एक धोंडा नेमक्या जागी पाठ लावून रेटला तर हलतो. जागा सापडली की लहान मुलालाही तो डोलताना दिसतो. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात या रानातली झाडे हजारोंनी आडवी झाली. आजची बरीचशी झाडी त्यानंतरची आहे.

याच रानात आर्तुसचा तळ नावाचे गॉल लोकांचे तटबंद ठाणे आहे. त्याला किंग आर्थरचे नाव दंतकथेने दिले. १९३८ मध्ये मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने इथे उत्खनन केले आणि लाकडी तुळया आडव्या-उभ्या जोडून आत माती-दगड भरलेला तट उघडा केला. ज्युलियस सीझरने गॉलमधल्या युद्धाच्या वृत्तांतात वर्णन केलेला तटाचा प्रकार तो हाच. सहा वर्षांनी, १९४४ मध्ये, हेच व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आले. त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षणवर्ग घेतला, अरिकामेडू आणि ब्रह्मगिरी खणले आणि चौकोनी खड्डे घेत थरांप्रमाणे खोदण्याची पद्धत आपल्याकडच्या पुरातत्त्वात रुजवली. ह्युएलग्वातच्या तटावर चालताना भारतीय वाचकाने ही आठवण जरूर ठेवावी.

महापाषाणांचा विषय निघाला की सगळे कार्नाककडे धावतात. धावावेच. तीन हजारांहून अधिक उभे दगड किलोमीटरच्या किलोमीटर रांगांत, तेही सहा हजार वर्षांपूर्वीपासूनचे, असे दृश्य दुसरीकडे नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने कार्नाक आणि मॉर्बियां किनाऱ्यावरच्या महापाषाणांना जागतिक वारशात घेतले. पण हे सांगायला हवे की उन्हाळ्यात कुंपणाआड फक्त वाटाड्याबरोबर जाता येते. लाखो पायांनी गवत मरून माती उघडी पडली होती आणि दगडांची मुळे दिसू लागली होती. हिवाळ्याच्या महिन्यांत मोकळेपणी रांगांतून चालता येते.

त्यामानाने पूर्वेला, रेन शहराच्या दक्षिणेकडे, एसे गावची रोश-ओ-फे म्हणजे परींची शिळा कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. जांभळट शिस्टच्या चाळीसच्या वर शिळांपैकी काही उभ्या करून, काही वर छताला टाकून, जवळपास वीस मीटर लांबीचे दालन पाच हजार वर्षांपूर्वी रचले. सर्वांत मोठी शिळा चाळीस टनांच्या वर आहे आणि दगड आणला चार किलोमीटरवरून. हिवाळी अयनदिनाच्या सुमारास उगवतीचे ऊन दारातून आत शिरते. लग्न ठरलेल्या जोडप्याने परस्परविरुद्ध दिशांनी फेरी मारत दगड मोजायचे आणि दोघांचा आकडा जुळला तर संसार सुखाचा, अशी समजूत आहे. परी ओच्यात भरून आणताना सांडलेले दगड म्हणून आसपासच्या शेतांतले काही धोंडेही दाखवतात. भोवती जुने ओक आणि चेस्टनट आहेत. इथे तिकीट नाही.

वाटेत दिसणाऱ्या शेतांकडेही लक्ष असावे. मातीच्या उंच बांधावर ओक आणि हेझेलची दाट कुंपणे, त्यांच्यामध्ये छपरासारख्या फांद्यांखालून जाणाऱ्या खोलगट वाटा, हे जुन्या ब्रिटनीचे रूप. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरसाठी तुकडे जोडून मोठी शेते करताना असे हजारो किलोमीटर बांध सरकारी योजनेतून पाडले गेले. मग पावसाचे पाणी अडेना, माती वाहून जाऊ लागली, नद्यांत खतांचे नायट्रेट वाढले. आता सरकारच पुन्हा कुंपणे लावायला पैसे देते. हिरव्यागार चित्रात ही जखम दिसत नाही, पण एखादे शेत डोळ्यांना अचानक फार मोठे वाटले तर तिथे बांध होते असे समजावे.

जायचे तर पॅरिसहून रेन वेगवान रेल्वेने दीड तासावर आहे. पुढे आर्ग्वातमध्ये बस-रेल्वे तुरळक, गाडी किंवा सायकल हवीच. ब्रिटनीच्या महामार्गांवर टोल नाही. कालव्याकाठची जुनी बोट ओढायची वाट आता सायकलवाट झाली आहे आणि ती जवळजवळ सपाट आहे. लहान चॅपेले उन्हाळ्यात उघडी असतात. इतर वेळी किल्ली शेजारच्या घरी किंवा नगरपालिकेत विचारावी. ल फाऊएतजवळचे सां-फियाक्र चॅपेल मात्र चुकवू नये. १४८० चा रंगीत लाकडी पडदा तिथे अजून जागेवर आहे. जेवणात कुट्टूच्या पिठाचा गालेत खावा. गहू न पिकणाऱ्या हलक्या जमिनीत कुट्टू आला, म्हणून तो इथल्या गरिबाचा घास झाला. काळ्या लोखंडी तव्यावर पातळ पीठ लाकडी टी-आकाराच्या दांडीने फिरवत पसरतात आणि कडा कुरकुरीत होऊ लागल्या की अंडे आणि चीज घालून चारी बाजूंनी दुमडतात. सोबत सफरचंदाची सिडर मातीच्या वाडग्यातून.

तारखा जुळवता आल्या तर जुलैच्या दुसऱ्या रविवारी लोक्रोनांमध्ये असावे. आयर्लंडहून आलेल्या संत रोनानच्या नावाने गावाभोवती प्रदक्षिणा निघते, तिला त्रोमेनी म्हणतात. दरवर्षीची लहान. दर सहा वर्षांनी मोठी, बारा किलोमीटरची, बारा ठाण्यांची. वाटेत फांद्यांच्या खोपटांत आसपासच्या चॅपेलांतल्या संतांच्या मूर्ती आणून बसवतात आणि काही ठिकाणी मिरवणूक थेट शेतांतून जाते. लोकसंस्कृतीचे अभ्यासक दोनासियां लोरां यांच्या मते ही बारा ठाणी ख्रिस्तपूर्व केल्टिक वर्षाच्या बारा महिन्यांची आहेत. मोठी त्रोमेनी २०२५ मध्ये झाली, पुढची २०३१ मध्ये आहे. तेव्हा गावात खोली मिळणे कठीण. मुक्काम कँपेर शहरात करावा आणि पहाटेच निघावे.